पाकिटावर आत्तींचा फोटो, मग ओढ्यातलं पाकीट कुणाचं?

चटणीवाली_कराड

नमस्कार. प्रश्न थोडा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

कराडपासून चौदा किलोमीटरवर आमचं गाव. मी आणि माझ्या सासूबाई (आम्ही आत्ती म्हणतो) गेली सात वर्षं कांदा-लसूण चटणी करून विकतो. फेब्रुवारी ते मे मिरची कुटायचा डंक थांबत नाही. घरात पाच बायका मिरच्यांचे देठ काढायला असतात, आत्ती खोबरं आणि तीळ भाजायला कुणाला हात लावू देत नाहीत. उद्यम नोंदणी आहे, अन्न परवाना आहे. गेल्या वर्षी उलाढाल २२ लाखांच्या आसपास झाली. पाकीट तीन थरांचं आहे, मध्ये फॉइल. आधी साध्या पिशवीत देत होतो, पण कांदा तेलात परतलेला असतो, तेल आणि वास दोन्ही महिनाभरात बाहेर येतात. दुकानदार परत पाठवायला लागले, मग फॉइलवर आलो. पाकिटावर आत्तींचा फोटो आहे, नऊवारीतला, नाकात नथ.

मागच्या पंधरवड्यात एका सल्लागाराचा फोन आला. म्हणाला, तुमच्या ब्रँडची ईपीआर नोंदणी नाही, लाखाच्या वर दंड बसेल, मी ३५ हजारांत करून देतो, आज निम्मे पाठवा. मी विचारलं ईपीआर म्हणजे काय. म्हणाला, तुम्ही बाजारात जेवढं प्लास्टिक सोडता तेवढं परत गोळा करायची कायद्यानं जबाबदारी तुमची. त्यानं कायद्याच्या छापील पानांचे फोटोही पाठवले. सगळं इंग्रजी, पान सहाच्या पुढं मी गेले नाही.

आता दुसरी बाजू. शाळेमागच्या ओढ्यात पाऊस ओसरल्यावर पाकिटं अडकलेली असतात. कुरकुरे, गुटखा, शाम्पूच्या पुड्या, आणि त्यात आत्ती. खरंच सांगते, काठीनं उलटी केलेली चार पाकिटं तरी आमची होती. आत्ती माझ्याबरोबर होत्या. थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं थोबाड का गं गटारात?" मी हसले, पण त्या हसल्या नाहीत.

घरी आल्यावर दहा रिकामी पाकिटं काट्यावर ठेवली. ६२ ग्रॅम भरली. वर्षाला साधारण १८ हजार पाकिटं जातात, म्हणजे ११२ किलो. एका बाईच्या दोन वजनांएवढं प्लास्टिक आम्ही दर वर्षी गावोगाव सोडतो.

माझे प्रश्न तीन.

एक, मला नोंदणी लागते का, की हा माणूस घाबरवतोय?
दोन, लागत नसेल तर ते ११२ किलो कायद्यानं कुणाच्या अंगावर?
तीन, माझ्या मावसबहिणीच्या ओळखीनं जर्मनीत ऑनलाइन विकायचं चाललंय. तिथल्या फॉर्ममध्ये पॅकेजिंगचा नोंदणी क्रमांक मागतायत. इथं नाही आणि तिथं हवा, हे काय आहे?

---

फाईलवाला

ताई, पहिली गोष्ट, आज निम्मे पैसे पाठवू नका. उद्याही नको.

मी पुण्याजवळ एका मोठ्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात हेच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मूळ नियम २०१६ चे, प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाचे. १६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनं त्यात उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचं, म्हणजे ईपीआरचं, अख्खं परिशिष्ट आलं. त्यात जबाबदार कोण कोण ते लिहिलंय. प्लास्टिकचं पॅकिंग बनवणारा, आयात करणारा आणि ब्रँडचा मालक. पण ब्रँडच्या मालकापुढं एक ओळ आहे: सूक्ष्म आणि लघू उद्योग वगळून. तुमच्या सल्लागारानं ते पान पाठवलं नसणार किंवा पाठवलं तर सहाच्या पुढं असणार.

सूक्ष्म म्हणजे किती? १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या. गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म. लघू म्हणजे २५ कोटी आणि १०० कोटी. तुम्ही २२ लाखांवर आहात. उद्यम प्रमाणपत्राची प्रत फाईलला लावून ठेवा, कुणी विचारलं तर तीच दाखवायची. फक्त एक सांभाळा. स्वस्त पडतात म्हणून चीनहून थेट पाऊच मागवलेत तर तुम्ही आयातदार ठरता आणि आयातदाराला लहान म्हणून सूट नाही.

आणि ज्यांना नोंदणी लागते त्यांनाही ३५ हजार सरकारी फी नाही. वर्षाला १,००० टनांच्या आत प्लास्टिक असेल तर अर्जाची फी १० हजार आहे. एक किंवा दोनच राज्यांत धंदा असेल तर राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं, त्याहून जास्त राज्यांत असेल तर केंद्रीय मंडळाकडं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे पण ऐकायला विचित्र वाटेल. तुमचं ११२ किलो हवेत जात नाही. पाऊच बनवणाऱ्याचा हिशेब करताना त्यानं मोठ्या ब्रँडना विकलेलं पॅकिंग वजा होतं, कारण ते त्या ब्रँडच्या खात्यात मोजलं जातं. लहानांना विकलेलं वजा होत नाही. म्हणजे तुमचा भार पाऊचवाल्यावर. तो स्वतःच सूक्ष्म किंवा लघू असेल तर २०२४ च्या दुरुस्तीनंतर तो आणखी वर सरकतो, त्याला कच्चं प्लास्टिक विकणाऱ्यावर. तुम्ही एवढंच करा, पाऊचवाल्याची ईपीआरच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी आहे का ते विचारा. नोंदणी नसलेल्याशी नोंदणीवाल्यांनी व्यवहारच करायचा नाही असा नियम आहे, त्यामुळं तो सांगायला कुरकुरला तर समजून जा.

---

चटणीवाली_कराड

दादा, मोठं काम केलंत. त्या माणसाला मेसेज केला की लघू-सूक्ष्मला सूट आहे, परिशिष्ट वाचा. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

पण मला झोप येईना म्हणून विचारते. शंभर कोटींपर्यंत लघू? आमच्या तालुक्यात शंभर कोटींचा मसालेवाला एकही नाही. मग ओढ्यातली कुरकुऱ्यांची आणि शाम्पूची सोडली तर बाकी सगळी, फरसाण, पापड, सुपारी, सगळी लहानांचीच की. आणि माझ्या पाकिटाची जबाबदारी म्हणे गुजरातेत नाहीतर कुठं प्लास्टिकचा दाणा बनवणाऱ्या कंपनीची. तिला आमचा ओढा कुठं माहीत? ती येऊन उचलणार आहे का?

---

फाईलवाला

नाही. आणि कायदाही तिला तुमच्या ओढ्यावर यायला सांगत नाही.

तिला सांगतो की तुझ्या खात्यावर अमुक टन आहे, त्याच गटातल्या तेवढ्या प्लास्टिकवर प्रक्रिया झाल्याचं प्रमाणपत्र दाखव. मुख्य गट असे. कडक प्लास्टिक पहिला, पिशव्या-पाऊच दुसरा (थर कितीही असले तरी सगळे प्लास्टिकचे), तिसरा म्हणजे प्लास्टिकबरोबर दुसरं काही, जसं तुमचं फॉइल, आणि चौथा कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचा. प्रमाणपत्र नोंदणीकृत प्रक्रियादाराकडून विकत मिळतं. माल कन्याकुमारीत गोळा झालेला चालतो. तुमचं पाकीट ओढ्यातच राहील, वहीत मात्र जमा-खर्च जुळेल.

उद्दिष्टं कागदावर कडक आहेत. २०२३-२४ पासून शंभर टक्के. त्यातला पुनर्वापराचा, म्हणजे वितळवून पुन्हा प्लास्टिक करण्याचा, किमान वाटा तिसऱ्या गटाला २०२४-२५ मध्ये ३० टक्के, २०२७-२८ पर्यंत ६० टक्के. उरलेलं रस्त्याच्या डांबरात, सिमेंटच्या भट्टीत, असं. कमी पडलं तर पर्यावरण भरपाई भरायची, पण ती गंमतशीर आहे. वर्षाच्या आत तूट भरून काढलीत तर ७५ टक्के परत, दुसऱ्या वर्षी ६०, तिसऱ्या वर्षी ४०.

ही वही किती खरी, ते तुम्ही विचारायच्या आत सांगतो. केंद्रीय मंडळानं काही प्रक्रियादारांची तपासणी केली तेव्हा गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चौघांकडं मिळून सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली. चौघांकडं. मी याच कामात नोकरी करतो, माझा या पद्धतीवर विश्वास आहेही आणि नाहीही. आधी काहीच मोजलं जात नव्हतं, आता निदान खोटं पकडता येण्याइतकं मोजलं जातंय.

---

मिरज_भंगार

ताई, कायद्याचं हे साहेब सांगतील. मी मालाचं सांगतो. वडिलांपासून भंगाराचं दुकान आहे, मिरजेत.

तुमचं पाकीट कुणी का उचलत नाही? त्याला भाव नाही म्हणून. दुधाची पिशवी ओढ्यात फार दिवस टिकत नाही, बघा तुम्ही. कुणीतरी उचलतंच. ती एकाच जातीची, धुतली, वाळवली की दाणा होतो. पाण्याची बाटली तर लोकं भांडून नेतात. तुमच्या पाकिटात बाहेर बाटलीची जात, आत पिशवीची जात, मध्ये ॲल्युमिनियम, आणि तिन्ही डिंकानं चिकटवलेले. आतलं प्लास्टिक सव्वाशे अंशाच्या आत-बाहेर वितळतं, बाहेरच्याला अडीचशे लागतात. एकाचं पाणी होतं तेव्हा दुसरं दगड असतंय. मशीनवाला गोणीत एक पाकीट दिसलं तरी गोणी परत करतो.

तुमच्याच हिशेबानं बघा. दहाला ६२ ग्रॅम, म्हणजे एका किलोला एकशेसाठ पाकिटं वाकून उचलायची. एवढ्यात बाई किती बाटल्या गोळा करेल?

आणि राग मानू नका, माझ्याकडं निवडायला बसतात त्या बायका चटणीच्या पाकिटाला शिव्या घालतात. हात भगभगतात. एकीनं तोच हात डोळ्याला लावला, दिवसभर रडत होती. तेव्हापासून मसाल्याची पाकिटं आली की त्या बाजूलाच फेकतात.

---

चटणीवाली_कराड

राग नाही दादा. डोळ्याचं मात्र कधी सुचलं नव्हतं. आमच्याकडं देठ काढायला बसतात त्या बायकांना मी तेल लावायला देते, हातमोजे देते. पाकीट रिकामं झाल्यावर ते पुन्हा कुणातरी बाईच्याच हातात जातं, हे डोक्यातच नव्हतं.

---

मायन_काठचा

जर्मनीचं मी सांगतो. फ्रँकफुर्टजवळ राहतो, बारा वर्षं झाली. मूळचा साताऱ्याचा, म्हणजे तुमची चटणी माझ्या घरी असण्याची शक्यता आहे.

इथं पॅकेजिंगची जबाबदारी उत्पादकावर टाकणारा नियम १९९१ पासून आहे. नवा कायदा १ जानेवारी २०१९ पासून. त्यात लहान-मोठं काही नाही. पहिल्या पाकिटापासून, पहिल्या ग्रॅमपासून तुम्ही जबाबदार. तुमच्याकडं १०० कोटींपर्यंत सूट आणि इथं एका पाकिटालाही नाही, त्यामुळं तुम्हाला उलटं वाटलं ते बरोबरच आहे.

करायचं काय तर दोन गोष्टी. ओस्नाब्रुक शहरात एक केंद्रीय कार्यालय आहे, त्यांच्या लुसिड नावाच्या नोंदवहीत नाव घालायचं. ते फुकट आहे. मग घरोघरचं पॅकिंग गोळा करणाऱ्या परवानाधारक कंपन्या आहेत, त्यातल्या एकीशी करार करून वजनाप्रमाणे पैसे भरायचे. तुमच्यासारख्यांचं वजन किरकोळ, पैसेही किरकोळ. जुलै २०२२ पासून ऑनलाइन बाजार चालवणाऱ्यांना हा क्रमांक तपासावाच लागतो, म्हणून तो फॉर्ममध्ये आहे. नोंदणीशिवाय विकलं तर दंड एक लाख युरोपर्यंत, करार केला नाही तर दोन लाखांपर्यंत. लहान माणसाला एवढा लावतात असं नाही, पण दुकान बंद करतात.

एक सोपी वाट आहे. तुम्ही थेट गिऱ्हाइकाच्या घरी पार्सल पाठवलंत तर जबाबदार तुम्ही. पण इथल्या एखाद्या भारतीय किराणावाल्यानं स्वतःच्या नावावर माल आयात केला तर जबाबदार तो. त्याची नोंदणी आधीच असते. तुमच्या मावसबहिणीला असा दुकानदार शोधायला सांगा. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी पाठवलेल्या डब्याला अर्थातच काही लागत नाही.

इथं सगळं सोन्याचं आहे असं मात्र समजू नका. आम्ही रिकामी पाकिटं पिवळ्या पिशवीत भरून ठराविक दिवशी फाटकाबाहेर ठेवतो, गाडी येते, नेते. ओढ्यात काही दिसत नाही. पण तुमच्यासारखी थरांची पाकिटं पुढं बहुतेक भट्टीतच जातात. मिरजेच्या दादांनी सांगितलेला वितळण्याचा घोळ इथल्या मशीनलाही तसाच आहे. फरक एवढाच की जाळण्याचे पैसे तुम्ही आधी भरलेले असतात. बाटलीचं मात्र खरं आहे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत. स्टेशनवर म्हातारे लोक कचऱ्याच्या डब्यात बॅटरी मारून बाटल्या शोधताना पहिल्यांदा बघितले तेव्हा मला काय बोलावं कळलं नव्हतं.

---

जुना_दूधवाला

अनामतीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी दूध संघात होतो, आता घरी.

मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं, वर पातळ पत्र्याचं टोपण. सकाळी रिकामी दिली तरच भरलेली मिळायची. त्याला कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं, बाटली महाग होती म्हणून परत घेत होते. मग पिशवी आली. वाहतूक हलकी झाली, फुटतूट थांबली, आम्ही खूश.

मार्च २०१८ मध्ये राज्यानं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. त्यात दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परतीचे छापायचे आणि रिकामी पिशवी दुकानात परत घ्यायची असं होतं. बैठकांवर बैठका झाल्या. दुकानदार म्हणे वास येतो, ठेवू कुठं. संघ म्हणे गाडी रिकामी परत येते ती पिशव्या भरून आणायची तर दुधाच्या क्रेटना वास लागेल. छपाई झाली काही ठिकाणी. पण ५० पैसे परत घेतलेला माणूस मी स्वतः एकही पाहिला नाही. अहो, ५० पैशाचं नाणं तरी कोण घेत होतं तेव्हा?

---

फाईलवाला

पुण्यातलं एक आठवलं. स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था. त्यांच्या बायकांना रोज हातानं वापरलेले सॅनिटरी नॅपकिन वेगळे करावे लागत. शेवटी त्यांनी ते नॅपकिन पिशव्यांत भरून बनवणाऱ्या कंपन्यांच्या कार्यालयांत पाठवून दिले. तुमचा माल, तुम्हीच बघा. २०१६ च्या घनकचरा नियमांत या उत्पादकांनी पाकिटाबरोबर गुंडाळून टाकायला पिशवी द्यावी असं आलं. प्रमाणपत्रांच्या वहीपेक्षा मला तो प्रकार जास्त समजतो.

---

चटणीवाली_कराड

दोन महिन्यांनी लिहितेय. मधे सीझन होता.

वरचा नॅपकिनचा किस्सा मी आत्तींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, आपल्याकडं कुणी पाठवायच्या आधी आपणच मागवू. झालं, त्यांनी ठरवलं की ठरलं.

केलं ते असं. आठवडी बाजारात आमचा पाट असतो. तिथं डबा घेऊन येणाऱ्याला सुटी चटणी, किलोमागं २० रुपये कमी. पाकिटाचा खर्च वाचतो त्यातलेच देतो, उपकार नाही. अन्न परवान्यात सुट्या विक्रीला अडचण नको म्हणून आधी विचारून घेतलं, डबे झाकलेले ठेवतो आणि दर-तारखेची पाटी लावतो. पहिल्या बाजारी डबे आले तीन, आता पंचवीस-तीस येतात. एक आजोबा तांब्या घेऊन आले होते.

दुसरं, दहा रिकामी पाकिटं आणा, एक लिंबाएवढा चटणीचा गोळा पानावर. हे आत्तींचं डोकं. पोरं आणतात. पहिल्या दिवशी एकानं सत्तर आणली, सगळी ओढ्यातली, चिखलासकट. त्याला नुसता गोळा नाही, भाकरी पण दिली. आता धुवून आणा सांगतो, म्हणजे निवडणाऱ्या बायकांचा त्रास तरी कमी. आजपर्यंत १,१४० पाकिटं झाली. पोत्याचं वजन सात किलोच्या वर. वर्षाला ११२ जातात त्यातले सात, तेही दोन महिन्यांत. फार नाही, मला माहीत आहे.

पाऊचवाल्याला नोंदणीचं विचारलं. आधी म्हणाला, मॅडम तुम्हाला काय करायचंय. मग दुसऱ्या दिवशी क्रमांक पाठवला. त्याच्याकडं एकाच जातीच्या प्लास्टिकचं पाकीटही मिळतं. ५० नमुने आणले, चटणी भरून कपाटात ठेवलीय. पाच आठवडे झाले, तेल बाहेर आलेलं नाही पण वास थोडा येतो. दोनशे ग्रॅमच्या पाकिटाला चालेल असं वाटतं, ते घरात पंधरा दिवसांत संपतं. अर्ध्या किलोला फॉइलच ठेवावं लागणार. जर्मनीचं मावसबहिणीनं एका किराणावाल्याशी बोलून ठरवलंय, माल त्याच्या नावावर जाईल.

मी आत्तींना म्हटलं, पाकिटावरचा फोटो काढून नुसतं फूल छापू, म्हणजे ओढ्यात गेलं तरी वाईट नाही वाटणार. तर म्हणाल्या, फोटो असल्यानं पोरांना आपलं पाकीट ओळखता येतं, फूल बघून कुणाची आणतील?

आता अडलंय ते हे. सात किलोचं पोतं न्हाणीशेजारी उभं आहे. घरचे म्हणतात चुलीत घाल. फॉइलचा धूर, मला घालायचं नाही. पण ठेवू तरी किती दिवस? मिरजेचे दादा, तुम्ही म्हणालात भाव नाही. फुकट तरी घ्याल का?

---

मिरज_भंगार

ताई, सात किलोला गाडी परवडत नाही. पण आमचा टेम्पो दर गुरुवारी कराडला पुठ्ठा भरायला येतो, मार्केट यार्डाच्या मागं. तिथवर आणून दिलंत तर घेतो. आमच्याकडची मिसळलेली पाकिटं महिन्यातून एकदा सिमेंटच्या भट्टीकडं जाणाऱ्या गाडीत टाकतो, त्यात तुमची जातील. पैसे मिळणार नाहीत, द्यावेही लागणार नाहीत.

पण वाळवून द्या, ओली घेत नाहीत. आणि पोत्यावर खडूनं चटणी असं मोठं लिहा, म्हणजे आमच्या बायका हात घालायच्या आधी बघतील.